घेवड्याचे अठरा दाणे

प्रोफेसर, तुम्ही गेल्यानंतर नऊ दिवस वही तांदळाच्या डब्यातच होती. तुम्ही सांगितलं होतं तशीच: दोन प्लास्टिकच्या पिशव्या, वर रबरबँड, वर तांदूळ. त्या नऊ दिवसांत आमच्याकडे भात झाला नाही. समीरनं दोनदा विचारलं, "अगं, तांदूळ संपलेत का? येताना आणू?" मी म्हटलं, आहेत. तो म्हणाला, "मग हे पोळ्यांचं काय व्रत घेतलंयस?" मला हसू आलं नाही. डब्याचं झाकण उघडायची भीती वाटते, हे नवऱ्याला कोणत्या शब्दांत सांगायचं ते सुचत नव्हतं.

इथल्या पेपरात तुमच्यावर तीन ओळी आल्या. नाव, वय, 'निवृत्त पॅकर' आणि प्रार्थनेची वेळ. तिन्ही ओळी बरोबर आहेत. वर्तमानपत्राच्या डेस्कवर मी चौदा वर्षं काढली आहेत. त्या मजकुरात मला चूक काढता येणार नाही. तुम्ही कवी होता, रोमेनियातल्या एका विद्यापीठात सौंदर्यशास्त्र शिकवत होता, तुमचं एकुलतं एक पुस्तक ग्रंथालयांच्या कपाटांतून काढून घेतलं गेलं, हे त्या तीन ओळींत नाही. त्याची यादी मीही इथे देणार नाही. मला एका चुकीबद्दल लिहायचं आहे. चूक माझी आहे आणि ती तुमच्या कवितांत आहे.

आपली ओळख ईस्ट टामाकीतल्या लेबलं छापणाऱ्या कारखान्यात झाली. पुण्याच्या दैनिकातल्या मराठी उपसंपादक बाईला ऑकलंडमध्ये वाचण्याचं हे एवढंच काम मिळालं: दुधाची पावडर, लोणची, कुत्र्यांचं खाणं. घटक, वजन, तारीख. तुम्ही पलीकडच्या टेबलावर गठ्ठे बांधत होता, आणि बांधण्याआधी प्रत्येक गठ्ठ्याचं वरचं लेबल वाचत होता. सुपरवायझर हेमी म्हणायचा, "प्रोफ, वाचायचं काम तिचं. तुझं बांधायचं." तुम्ही म्हणायचात, "आत काय आहे ते बघून बांधतो. जुनी खोड आहे." हेमी "स्वीट ॲज", म्हणजे 'बरं बरं, चालेल', म्हणून पुढे जायचा.

पहिलं भांडण एका बिस्किटाच्या खोक्यावरून झालं. 'यात दूध आहे' हे वाक्य त्यावर तीन ठिकाणी होतं. मी दोन ठिकाणी लाल रेघ मारून शंका काढली होती. तुम्ही माझ्या खांद्यावरून पाहिलंत.

"राहू दे ना."

"एकदा सांगितलंय की."

"एकदा सांगितलं की ती बातमी होते, दोआम्ना. दुसऱ्यांदा सांगितलं की माणूस थांबतो. तिसऱ्यांदा सांगितलं की ते त्याच्यात राहतं." दोआम्ना म्हणजे तुमच्या भाषेत बाई. माझं नाव तुम्ही कधी घेतलं नाहीत.

"आमच्याकडे तिसऱ्यांदा आलं की ते कापतात."

"म्हणूनच तुम्हा लोकांना दुसऱ्या दिवशी पुन्हा पेपर काढावा लागतो."

तुमचं सगळं सौंदर्यशास्त्र त्या टेबलाशी सांगून झालं होतं, हे मला पुढे कळलं. माणूस ज्याच्याकडे परत परत जातो ते सुंदर, असं तुम्ही पुस्तकात मांडलं होतं. तो प्रेमानं परत जातो की भीतीनं, हे शास्त्राला सांगता येत नाही, असंही. मला हे धोक्याचं वाटलं. मी विचारलं होतं, "म्हणजे ज्यानं छळलं तोही सुंदर?" तुम्ही म्हणालात, "हाच प्रश्न एका विद्यार्थ्यानं तोंडी परीक्षेत विचारला होता. मी त्याला पास केलं. उत्तर दिलं नाही." मलाही दिलं नाहीत. तो वाद तिथेच राहिला आहे.

मनुरेवा उपनगरात आमच्यापासून दोन घरं सोडून मागच्या बाजूच्या खोलीत तुम्ही राहत होता, म्हणून सकाळी माझ्या गाडीतून येऊ लागलात. गाडीत बसल्याबसल्या रेडिओ मोठा करायचात आणि मगच बोलायचात. आमच्या स्वयंपाकघरात नळ सोडायचात, बोलणं बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. ओट्याजवळची खुर्ची तुमची, कारण तिची पाठ भिंतीला होती. पोस्टमनला तुम्ही खुशाल "किया ओरा" असा इथला नमस्कार घालायचात, पण पारदर्शक खिडकीचं सरकारी पाकीट आलं की ते दोन-दोन दिवस पेटीत पडून असायचं. तुमच्या खोलीच्या दाराशी एक पिशवी भरलेली असायची. साबण, लोकरीचे मोजे, साखरेच्या वड्या. मी एकदा विचारलं की कुठे निघालात. "मी कुठेच नाही. न्यायला आले तर भरायला वेळ देत नाहीत."

मी तुम्हाला समजावून पाहिलं. ते सरकार पडून किती वर्षं झाली, तुम्ही जगाच्या दुसऱ्या टोकाला आलात, इथले पोलीस हरवलेल्या मांजराचीसुद्धा तक्रार लिहून घेतात. तुम्ही ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "सरकार गेलं, दोआम्ना. कान कुठे गेले?"

आता वाटतं, तुम्ही तेव्हा फक्त तिथल्या लोकांच्या कानांबद्दल बोलत नव्हता, स्वतःच्याही.

वही तुम्हीच आणलीत, एका शनिवारी दुपारी, कोपऱ्यावरच्या डेअरीतून. किराणा, दूध, वर्तमानपत्रं विकणाऱ्या दुकानाला इथे डेअरी म्हणतात, याची तुम्हाला गंमत वाटायची. निळ्या पुठ्ठ्याची शाळेची वही होती. त्याआधीच्या आठवड्यात मला वाणसामानाची यादी लिहिताना पाहून तुम्ही विचारलं होतं, "ही लिपी ऐकू येतं तसंच लिहिते का?" मी म्हटलं होतं, जवळजवळ. आता तुम्ही नळ सोडलात आणि तुमच्या भाषेत एक ओळ म्हणालात. मी ती देवनागरीत लिहिली आणि वाचून दाखवली. स्वतःची ओळ दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर तुम्ही उठून मागचं दार लावलंत. "पुन्हा मोठ्यानं वाचायचं नाही," म्हणालात. "लिहायचं फक्त."

मग सांगितलंत. तुमच्या देशात टंकलेखन यंत्र दर वर्षी पोलीस चौकीत नेऊन दाखवावं लागे आणि त्यावर छापलेला एक कागद तिथे ठेवावा लागे, म्हणजे कुठला मजकूर कुठल्या यंत्रावर उमटला ते शोधता येई. तुमच्याकडे एक न दाखवलेलं यंत्र होतं. एक दिवस ते आले, यंत्र घेऊन गेले आणि काही दिवस तुम्हालाही. विद्यापीठ सुटलं. डबाबंद भाज्यांच्या कारखान्यात खोकी बांधायचं काम मिळालं. त्यानंतर तुम्ही कागदावर एक शब्द लिहिला नाहीत. एकतीस कविता डोक्यात ठेवल्यात. कामावर चालत जाताना उजव्या खिशात पांढऱ्या घेवड्याचे दाणे, ओळ म्हटली की एक दाणा डाव्या खिशात. कविता संपली आणि दाणेही संपले तर सगळं जागेवर.

"त्यांना कुणी सांगितलं होतं?" मी विचारलं. बातमीदाराचा प्रश्न.

तुम्ही नळ आणखी मोठा केलात.

"गेल्या महिन्यात एक दाणा उरला," खिशातले दाणे टेबलावर काढत तुम्ही म्हणालात. "कविता संपली आणि खिशात एक दाणा उरला. कुठली ओळ गेली ते अजून सापडत नाही." एवढी वर्षं तुमच्या भीतीच्या सवयी मी पाहिल्या होत्या. भीती त्या दिवशी पाहिली.

तुमची योजना साधी होती. ज्यांना तुमची भाषा येते त्यांना ही लिपी वाचता येणार नाही, आणि ज्यांना लिपी येते त्यांना भाषा कळणार नाही. "ही वही वाचायला दोन माणसं लागतील," तुम्ही म्हणालात, "आणि ती दोघं एका खोलीत यायला हवीत."

"इलिंका आहे की," मी म्हटलं. तुमची मुलगी 'ते रापा' भागातल्या दुधाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते, हे मला माहीत होतं. दर रविवारी ती सव्वा तास गाडी चालवून तुम्हाला भेटायला यायची.

"तिला नाही. बाकी कुणालाही चालेल. तिला नाही."

"आणि तुम्ही गेल्यावर?"

तुम्ही टेबलावरचे दाणे एकेक करून उचललेत. माझ्याकडे तुमची परवानगी नाही, प्रोफेसर. नकारही नाही. उचललेले दाणे आहेत फक्त.

आठ महिने आपण शनिवारी बसलो. तुमच्या भाषेत शब्दाच्या शेवटी एक अर्धवट 'अ' येतो. तो मी 'केलं-गेलं'मधल्या अनुस्वारानं लिहिला आणि तो इतका नेमका बसला की मला माझ्याच लिपीचा अभिमान वाटला. घशातून येणाऱ्या दुसऱ्या एका आवाजासाठी छोटं वर्तुळ ठरवलं. तुम्ही ओळ म्हणायचात, टेबलावर दाणा ठेवायचात. मी लिहायचे. कविता संपली की दाणे मोजून तो आकडा मी पानाच्या कोपऱ्यात वर्तुळात टाकायचे. डेस्कवर मजकुराच्या डोक्यावर ओळींचा आकडा टाकतात, म्हणजे पान लावणाऱ्याला जागा कळते. सवय होती.

मध्येच तुम्ही मागची एखादी ओळ पुन्हा म्हणायचात. अर्थ मला कळत नव्हता. विसरणारा माणूस दोन पावलं मागे येऊन पुन्हा सुरुवात करतो, तसं तुमचं चाललंय असं मी धरलं. ती ओळ आधी लिहून झालेली असायची, म्हणून मी पेन उचलून थांबायचे. शेवटी दाणे ओळींपेक्षा दोन-तीन जास्त भरायचे. तेव्हा मी मनात म्हणायचे, वय झालंय, मोजणीत चुकतात. आकडा मात्र तुमचाच लिहायचे. तुम्हाला लिपी येत नव्हती. तुम्ही कधी पान तपासलं नाहीत. तपासलं असतंत तरी तुम्हाला काय दिसलं असतं?

समीर म्हणायचा, "तू स्टेनो झालीयेस त्यांची. आणि ती पण न कळणाऱ्या भाषेची. भारी आहे." मी म्हणायचे, जाऊन चहा टाक.

मग ईराची ती गोष्ट झाली. माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. तुम्हाला आजोबा म्हणायची. मराठीतला तो एक शब्द तिनं तुमच्यासाठी राखून ठेवला होता, बाकी सगळं इंग्रजीतून. इथल्या शाळेत सकाळी मुलं वर्गापुढे उभी राहून घरची बातमी सांगतात. एका सोमवारी ईरानं बातमी सांगितली की आजोबा बीन्स मांडून सीक्रेट कविता सांगतात आणि आई त्या लिहिते. शिक्षिकेला फार आवडलं. संध्याकाळी आपण ईराला आणायला गेलो तेव्हा शाळेच्या दारात तिनं तुमच्यासमोरच मला सांगितलं, "काय छान बातमी होती ईराची."

तुम्ही हसून मान डोलावलीत. घरी गेलात आणि तीन शनिवार आला नाहीत. कामावर गाडीतूनही नाही, बसनं गेलात. चौथ्या शनिवारी आलात तेव्हा पहिलं वाक्य हे होतं: "मुलीला रागावला नाहीत ना?"

"नाही," मी म्हटलं.

"तिला कळता कामा नये. मी घाबरलो हे तिला कधीही कळता कामा नये. मूल खरं तेच सांगतं. त्याला वाटायला नको की आपल्या एका वाक्यानं काही झालं. ते आयुष्यभर वाटत राहतं. वचन द्या."

मी वचन दिलं. प्रोफेसर, मी तुमच्याशी खोटं बोलले. सोमवारी संध्याकाळीच मी ईराला स्वयंपाकघरात उभं करून बोलले होते. आवाज चढवून. ती म्हणाली होती, "बट इट वॉज ट्रू, आई." त्यानंतर तुमच्याबद्दल ती घराबाहेर एक अक्षर बोलली नाही, आणि तुम्ही आलात की तिच्या खोलीचं दार बंद असायचं. तुम्हाला वाटलं, अभ्यास वाढला.

हॉस्पिटलमध्ये तुमची इंग्रजी आधी गेली. झटका आल्यानंतर दोन दिवसांत तुम्ही फक्त तुमच्या भाषेत बोलू लागलात. इलिंका कामावर रजेचं सांगायला परत गेली होती. दुपारी भेटीच्या वेळेत मी एकटीच होते. तुम्ही डोळे मिटून पुटपुटत होता आणि तुमची बोटं चादरीवर काही ठेवत होती. मी ओळखलं. ती सतरावी कविता होती. भाषा येत नसताना कविता ओळखता येते, हे मला तेव्हा कळलं.

एका ओळीशी तुम्ही आलात. 'ताता स्क्रिए आकासं.' ती म्हटलीत, बोट ठेवलंत. पुढच्या तीन ओळी म्हटल्यात. मग पुन्हा 'ताता स्क्रिए आकासं', पुन्हा बोट. मला वाटलं, अडकलात. मदत म्हणून मी वाकून, वहीत त्यानंतर आलेली ओळ आठवून तुमच्या कानाशी म्हटली. तुमच्या भाषेत, तुमच्याच चालीवर.

तुम्ही डोळे उघडलेत. ते डोळे मी लिहून ठेवणार नाही. जी गोष्ट तुमच्या डोक्याबाहेर कुठेही नव्हती ती एका भलत्याच आवाजात तुमच्या कानाशी बोलत होती, आणि मी कोण ते त्या क्षणी तुम्हाला आठवत नव्हतं. तुम्ही मान हलवलीत. नाही, नाही. आणि पुन्हा तीच ओळ म्हटलीत, बोट चादरीत रुतवून. तेव्हा माझ्या लक्षात आलं की तुम्ही अडकला नव्हता. तुम्ही मोजत होता.

मी तुम्हाला दिलेली शेवटची गोष्ट भीती होती. त्यानंतर तुम्ही दोन दिवस होता, पण डोळे उघडले नाहीत.

घरी येऊन मी डबा उपसला. वही काढली. सतरावं पान: कोपऱ्यात अठरा, खाली पंधरा ओळी. मग सगळी पानं पाहिली. एकतीसपैकी एकोणीस पानांवर दाणे जास्त, ओळी कमी. तुमची मोजणी चुकत नव्हती. तुम्ही आयुष्यभर सांगितलेली एकच गोष्ट, की दुसऱ्यांदा आल्याशिवाय ओळ कविता होत नाही, ती माझ्यासमोर बसून दर शनिवारी करून दाखवत होता, आणि मी पेन उचलून थांबत होते. मी तुमच्या दाण्यांपेक्षा माझ्या लाल पेनवर विश्वास ठेवला. किती ओळी कापल्या याचा आकडा माझ्याकडे होता. कुठून कापल्या, हे सांगणारा माणूस हॉस्पिटलात डोळे मिटून होता. पेपरात चूक छापली गेली तर दुसऱ्या दिवशी चौथ्या पानावर दुरुस्ती देता येते. इथे दुसरा दिवस नव्हता. मी वही परत पिशव्यांत घातली, वर तांदूळ ओतले आणि झाकण लावलं.

प्रार्थनेनंतर इलिंकानं मला बाजूला घेतलं. तिच्या हातात तुमचा कोटातला रुमाल होता, त्यात दाणे. "हे त्यांच्या सगळ्या कोटांच्या खिशांत आहेत. तुम्ही त्यांना रोज भेटत होता. कशाचे आहेत माहीत आहे?"

"नाही," मी म्हटलं. दुसरं खोटं.

मला दोन भीत्या होत्या आणि त्या एकमेकींना सोडत नव्हत्या. वही तिला दिली नाही तर कविता माझ्याबरोबर अशाच लंगड्या मरतील. दिली, तर तुम्ही जे तिच्यापासून आयुष्यभर लपवलं ते माझ्या तोंडून तिच्यापुढे येईल, आणि मला कळणारही नाही की मी काय वाचतेय.

दहाव्या दिवशी, रविवारी, ती तुमची खोली आवरायला आली. दुपारी आमचं दार वाजलं. ईरानं उघडलं. इलिंका आत आली, दाण्यांची पुरचुंडी आमच्या टेबलावर ठेवली आणि थकल्या आवाजात म्हणाली, "शंभराच्या वर आहेत. टाकवत नाहीत. तुमच्याकडे कुंडीत लावाल का?"

ईरा माझ्याकडे बघत होती. "आई," ती म्हणाली, "कॅन आय टेल हर?"

पूर्वी एकदा मी तिचं तोंड बंद केलं होतं. तिच्या चेहऱ्यावर ते सगळं होतं. मी घाबरले होते, प्रोफेसर, हे स्पष्ट लिहिते. पण तुम्हाला दिलेलं वचन मी आधीच मोडलं होतं, आणि ते थोडंफार भरून काढायची ही एकच वेळ होती.

"सांग," मी म्हटलं.

ईरानं सांगितलं. ओळीला एक दाणा. कविता. आईनं लिहिल्या. राइस टिनमध्ये आहेत.

इलिंका खाली बसली. तुमच्याच खुर्चीत. मी डबा उघडला. वही काढून झाल्यावर, काही विचार न करता, नळ सोडला आणि सतरावं पान काढलं. माझी चूक आधी सांगितली: "यात तीन ओळी कमी आहेत. एक ओळ ते पुन्हा पुन्हा म्हणत. मी ती एकदाच लिहिली." मग वाचायला लागले. तिनं ओळीगणिक एक दाणा पुढे सरकवला.

पाचव्या ओळीला मी 'ताता स्क्रिए आकासं' वाचलं. तिचा हात थांबला. मी वाचायची थांबले.

"अर्थ काय आहे?" मी विचारलं.

"बाबा घरी लिहितो." तिनं दाणा पुढे सरकवला. "हे मी म्हटलं होतं. शाळेत. बाईंनी सगळ्यांना विचारलं, संध्याकाळी वडील घरी काय करतात. मी सांगितलं, बाबा घरी लिहितो, टक टक टक. दुसऱ्या दिवशी बाईंनी मला एक संत्रं दिलं. आमच्याकडे तेव्हा संत्रं कुणाला दिसतसुद्धा नसे. मी ते वाटेतच खाल्लं. त्याच आठवड्यात ते आले."

"तुला माहीत होतं?"

"सात वर्षांची होते तेव्हापासून." ती म्हणाली. "मला वाटायचं, त्यांना माहीत नाही. त्यांना कळेल म्हणून मी प्रत्येक रविवारी घाबरत यायचे. ते गप्प बसले की वाटायचं, आज विचारणार."

रविवारी तिच्या गाडीचा आवाज आला की दाण्यांच्या खिशात जाणारी तुमची मूठ मला आठवली. सव्वा तासाच्या रस्त्याच्या दोन टोकांना तुम्ही दोघं एकाच वाक्याला घाबरत होता.

"पुढे वाचा," ती म्हणाली.

मी वाचलं. आठव्या ओळीनंतर तिनं हात वर केला. "इथे जिन्यात बुटांचे आवाज येतात. इथे ती ओळ हवी." तिनं ती स्वतः म्हटली आणि दाणा ठेवला. पुढे यंत्र घोंगडीत गुंडाळून नेतात, तिथे पुन्हा थांबवलं, पुन्हा म्हटली. मी शेवटची ओळ वाचली. तिनं डोळे पुसत सांगितलं, "शेवटी ते म्हणतात, त्या दिवशी त्या अख्ख्या शहरात एकच माणूस खरं बोलला." आणि मग, शेवटच्या जागी, तिनं ते वाक्य चौथ्यांदा म्हटलं. लहान मुलीच्या आवाजात नाही, तिच्या आताच्या.

ईरा टेबलाला टेकून उभी होती. इलिंकानं दाण्यांची रांग तिच्याकडे सरकवली. ईरानं बोट लावत इंग्रजीत मोजले.

"एटीन."

पानाच्या कोपऱ्यात, वर्तुळात, माझ्याच अक्षरातला अठरा होता. मी पेन्सिलीनं तीन ओळी त्यांच्या तीन जागी लिहिल्या. अजून अठरा पानं राहिली आहेत आणि त्यांत काय आहे ते मला ठाऊक नाही. भीती गेलेली नाही. पण तुमची मोजणी बरोबर होती, प्रोफेसर. चूक माझी होती. ही त्याची दुरुस्ती.

इलिंका उठली आणि तिनं नळ बंद केला. घर एकदम फार शांत वाटलं.

"आता पुन्हा वाचा," ती म्हणाली. "पहिल्यापासून. मोठ्यानं."

मी वाचलं.